डाव्या अंगाची रायफल

माझ्या वडिलांच्या तेराव्याला सर्जेअप्पा माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात हातात घेतला, मोठा सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, गोळ्या भरायचं दार डाव्या अंगाला असलेली रायफल तुमच्या बघण्यात हाय का कुठं?"

सांत्वनाचा हा प्रकार मला नवीन होता. पण अप्पांच्या चेहऱ्यावर इतकं खरं दुःख होतं की क्षणभर कोणाचे वडील गेले तेच मला कळेना. मी नाही म्हणालो. ते "ठीक हाय" म्हणून उठले आणि हाच प्रश्न घेऊन माझ्या मेहुण्याकडे सरकले.

सर्जेअप्पा अंबडमधले माझे शेजारी. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, बायको वारली, मुलगी पुण्याकडे सासरी. या वयाची आमच्याकडची माणसं गुडघ्यांना तेल चोळतात आणि सरकारला शिव्या देतात. अप्पा काऊबॉयचे पिक्चर बघतात. बघतात म्हणजे तपासतात. घोडे, टोप्या, बाया, डोंगर यांच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही. बंदूक दिसली की मोबाइल नाकाला लावायचा आणि चित्र थांबवून ती ओळखायची. नळी गोल का अष्टकोनी, खालची दांडी ओढल्यावर काडतूस वरून उडतं का बाजूने, आणि मुख्य म्हणजे दार कुठल्या अंगाला. मग कपाळावर हात मारून घ्यायचा. "उजव्या! हिचं बी उजव्या!"

याचं मूळ टेंभुर्णीत होतं. अप्पा तिथले. ते लहान असताना गावात तंबूतला सिनेमा आला. देवादिकांचा सिनेमा आहे अशी दवंडी पिटलेली, म्हणून बाया नारळ-उदबत्ती घेऊन आल्या. पण फिल्मच्या डब्यांची अदलाबदल झालेली. पडद्यावर देवाऐवजी दाढी वाढलेला, घामेजलेला एक गोरा घोड्यावरून आला. भाषा कोणाला कळेना, तरी उठलं कोणी नाही. एका म्हातारीने तर आणलीच आहे म्हणून त्याला उदबत्ती ओवाळली. शेवटी तो गोरा पाण्याच्या हौदावर बसतो, सावकाश रायफलीत गोळ्या भरतो आणि गावातल्या साऱ्या बदमाशांना लोळवतो. अप्पांच्या मते त्या गोळ्या डावीकडून भरल्या.

"सोताच्या डोळ्यानं बघेल हाय, वकीलसाहेब," हे त्यांचं पालुपद. कोर्टात हे वाक्य मी रोज ऐकतो. ज्याने काहीच बघितलेलं नसतं तोच ते सगळ्यात ठासून म्हणतो, असा माझा अनुभव. पण अप्पा खोटं बोलणारे नव्हते, आणि हीच मोठी पंचाईत होती. जगातली तसली प्रत्येक रायफल उजवीकडूनच भरते, हे त्यांनीच आपल्या संशोधनातून सिद्ध केलं होतं.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोक उमेदवार बघायला जातात, अप्पा ठाण्यासमोर बंदुका बघायला उभे राहतात. रानडुकरं हाकलायला ठेवलेल्या त्या शेतकऱ्यांच्या बंदुका, मधून मोडून काडतूस घालायच्या. त्यांना दार कुठलं असणार? तरी अप्पा प्रत्येकाला गाठून विचारणार. मागच्या वेळी जमादाराने त्यांना आत बाकावर बसवलं आणि मला फोन केला. मी गेलो तर अप्पा त्यालाच समजावून सांगत होते, "साहेब, दांडीची रायफल अलग, ही अलग. तुमचं बेसिकच कच्चं हाय." जमादार माझ्याकडे बघून हात जोडत होता. मीही त्याला हात जोडले आणि अप्पांना घेऊन आलो.

या नादापायी त्यांनी सख्खा भाऊ तोडला होता. थोरले रंगनाथदादा टेंभुर्णीतच शेती बघतात. त्यांच्या मते त्या गोऱ्याने गोळ्या उजवीकडून भरल्या. पोरपणी यावरून मारामाऱ्या झाल्या, तरुणपणी वादावादी. मग दादांच्या मुलाच्या जावळाला, भरल्या पंगतीत, सोयऱ्यांसमोर दादा हसत म्हणाले, "आमच्या सर्ज्याला लहानपणापासून समदं उलटंच दिसतं." पंगत हसली. अप्पा भरल्या ताटावरून उठले ते पुन्हा त्या घरात जेवले नाहीत. पुढे आई वारली तेव्हा माती देऊन उभ्याउभ्याच परत फिरले.

जमिनीवरून भांडण असतं तर मी मिटवलं असतं. त्यासाठी तहसील आहे, कोर्ट आहे, दोन्हीकडचे वकील दमेपर्यंत तारखा आहेत. सिनेमातल्या बंदुकीचा दावा कुठे लावणार? "सिनेमा सापडू द्या," अप्पा म्हणायचे, "सबूत घेऊन दादाच्या दारात जातो. बराबर माझ्या पायावर लोटांगण घेतंय का न्हाई बघा." त्या जिद्दीवर माणूस जगत होता, असं मला आता वाटतं. सिनेमाचं नाव माहीत नाही, नटाचं नाव माहीत नाही. म्हणून ते एकेक काऊबॉय पिक्चर चाळत बसलेले.

आणि एका रविवारी तो सापडला. अप्पा सकाळीच मला ओढत घेऊन गेले. तोच दाढीवाला, तोच घोडा, तोच हौद. तो हौदावर बसला. अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्याने रायफल मांडीवर घेतली आणि अगदी सावकाश, आम्हाला नीट दिसावं अशा बेताने, उजव्या अंगाने एकेक गोळी आत सारली.

अप्पांनी चित्र थांबवलं. मोबाइल नाकाला लावून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "प्रिंट उलटी हाय."

"अप्पा, मागच्या दुकानावरची पाटी बघा. अक्षरं सुलटी आहेत."

वकिली वाईट. ते बोलून गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. अप्पांचा चेहरा पार उतरला होता. पण सवयीचा गुलाम मी, पुढचा प्रश्न तोंडातून निघालाच. "तुम्ही बसला होता कुठे?"

अप्पा मोबाइलकडेच बघत राहिले. "पडद्याच्या मागं," ते शेवटी म्हणाले. "गडी म्होरं, बाया मागं. मायला सोबत म्हणून बाबानं मला मागं धाडल्तं. बायांत बसलो हे कोणाला सांगावं? म्या दादाला बी म्हणलो, मी म्होरंच आल्तो, गर्दीत तुला दिसलो न्हाई."

कापडाचा पडदा. मागून चित्र दिसतं, पण उलटं, उजवं ते डावं. अप्पांनी पाहिलं ते अगदी खरं पाहिलं होतं. एवढं एक सांगितलं असतं तर भांडण त्याच दिवशी संपलं असतं. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. जालन्यापर्यंत एसटी, पुढे जीप. दाटीवाटीत अप्पा मोबाइल मुठीत धरून बसले होते. टेंभुर्णीत उतरल्यावर म्हणाले, "तुम्ही संगं राहा. मला एकट्याला जमायचं न्हाई."

रंगनाथदादा ओसरीत बाजेवर पडून होते. अंगाने पार वाळलेले. त्यांनी अप्पांना ओळखलं आणि धडपडत उठायला लागले. अप्पांनी त्यांना नीट उठून बसूही दिलं नाही.

"दादा, म्या चुकल्तो. दार उजव्याच अंगाला हाय."

"कशाचं दार?"

"रायफलीचं. शिनेमातल्या."

दादांना आधी काही लक्षातच येईना. अप्पांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तंबू, हौद, पंगत, पडद्यामागची जागा. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "मला वाटलं, वाटणीत तुला मुरमाड वावर गेलं म्हणून तू तोंड फिरवलंस. दर साली म्हणायचो, सर्ज्या आला की बदलून देऊ. तू यायलाच तयार न्हाई. एवढ्यासाठी माय गेली तव्हा बी परत गेल्तास?"

माफी मागायला आलेला माणूस, आणि ज्याची मागायची त्याला गुन्हाच ठाऊक नाही. इतकी वर्षं हा एकटाच फिर्यादी आणि एकटाच आरोपी होता. असा खटला मी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहू नये असं वाटतं.

सुनेने चहा आणला. दादांनी तो बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच काही आलं होतं.

"म्हंजे त्या दिशी तू मायजवळ बसल्तास," ते म्हणाले.

"हाव."

"मला बी तिच्याजवळ बसायचं होतं. बाबाच्या धाकानं म्होरं बसलो." दादा जवळ सरकले. त्यांचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "मायनं जिंदगीत तेवढा एकच शिनेमा बघितला, सर्ज्या. म्या किती डाव इचारलं, कसा होता म्हणून. ती नुसती हसायची. तू तर बाजूलाच होतास. भेली का रे ती? हसली का? काय म्हणून राह्यल्ती?"

त्या रायफलीच्या दस्त्यावरची चीर अप्पांना आठवत होती, गोळी सारणाऱ्या अंगठ्याचं काळं नख आठवत होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्यापुढे त्यांनी ते कितीदा सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगू शकेन. मग भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "म्या मायकडं बघितलंच न्हाई. म्या बंदुकीकडंच बघून राह्यल्तो."