टँकरची पाणबुडी

मल्हार नौदलात गेला, तोवर आटपाडीकडच्या त्याच्या दुष्काळी गावाला ‘पाणबुडी’ या शब्दाची फारशी गरज पडली नव्हती. पुढे तो शब्द फार कामाला आला. निवडणुकीपुरता वर येणारा पुढारी म्हणजे पाणबुडी, शाळेतून नाहीसा होणारा मास्तर म्हणजे पाणबुडी, आणि मल्हारचे वडील बिरदेव म्हणजे ‘पाणबुडीचा बा’. यांतला एकच वापर वस्तुस्थितीला सोडून होता. मल्हार पाणबुडीत नव्हता. बंद जागेत त्याचा श्वास अडकतो, हे निवडचाचणीतच सिद्ध झाले होते; तेव्हापासून तो विशाखापट्टणमच्या एका भांडारात बूट वाटत होता.

हे त्याने घरी कळवले नव्हते. आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेल्या बिरदेवांना मुलाच्या पाणबुडीमुळे आता चावडीवर खुर्ची मिळत असे. ती काढून घेण्याचे धैर्य मल्हारमध्ये नव्हते.

तो रजेवर आला आणि सरपंच नानासोंनी सत्कार ठरवला. गावाला पाणी पुरवणारा एकुलता टँकर रिकामा करून काळा रंगवण्यात आला, टाकीच्या झाकणाभोवती पत्र्याचा मनोरा बसवण्यात आला. मिरवणूक देवळापाशी पोचली की मल्हारने मनोऱ्यातून वर यायचे आणि सलाम ठोकायचा.

“आत बसायलाच पायजे का?” मल्हारने विचारले.

“मग पाणबुडीवाला काय बोनेटावर बसतोय व्हय?” नानासो म्हणाले.

समोर बिरदेव नवा पटका बांधून उभे होते. मल्हार आत उतरला.

पहिल्याच खड्ड्यात मनोरा कलंडला आणि त्याच्या दणक्याने टाकीचे झाकण चेपून घट्ट रुतले. देवळापाशी ते काही केल्या उघडेना. हवेचा प्रश्न नव्हता, मागची तोटी उघडी होती. आतून धपाधप आवाज येऊ लागले.

“सलामी देतोय!” कोणीतरी ओरडले. टाळ्या पडल्या.

वेल्डर तात्याबाने टाकीला फेरी मारली. “गॅसनं कापावं लागंल. पर टाकी कामातनं जाईल.”

“आन् उद्या पानी कशातनं आनायचं? टोपीतनं?” नानासो म्हणाले. “ऱ्हाऊ दे. सावकाश उचकटू. महिना महिना दर्याच्या तळाला ऱ्हातंय पोरगं, त्येला घटकाभराचं काय?”

“आन् ही तर कोरडी पाणबुडी,” तात्याबा म्हणाला. “च्या सांगा गड्या.”

युक्तिवाद निर्दोष होता. फक्त गृहीतक खोटे होते. चहा आला. एक कप तोटीतून आत देता येईल का, यावरही चर्चा झाली.

बिरदेवांनी तेवढा तोटीला कान लावला.

“आबा,” आतून घोगरा आवाज आला, “मी पाणबुडीत न्हाई. कवाच नव्हतो. बूट वाटतोय मी. समद्यास्नी सांगा, पर मला भाईर काढा.”

बिरदेव तोटीपासून सरळ झाले.

“काय म्हनतोय?” नानासोंनी विचारले.

“मजेत हाय म्हनतोय.” बिरदेवांनी पटका उतरवला, छातीवर हात ठेवला आणि ते धुळीत बसले. “पर मलाच हितं घुसमटतंय, नानासो. पोरगं डोळ्यांम्होरं आल्याबिगर माजा जीव ऱ्हात न्हाई. कापा.”

म्हाताऱ्यासाठी मात्र गाव हलले. टाकी कापली गेली. मल्हार पांढराफटक, घामाने निथळत बाहेर आला, आणि त्याच अवस्थेत त्याच्या गळ्यात हार पडला. नानासो टाकीच्या भगदाडाकडे पाहत राहिले.

संध्याकाळी बापलेक मेंढरांच्या वाड्याशी बसले.

“आबा, चुकलो.”

“तुज्या आज्याला सरकारनं पक्कं घर दिलं, तरी मरंस्तवर अंगणात निजला. मी बी भाईरच निजतोय. आपल्यात छपराखाली कोन झोपलंय रं? तुला पाणबुडीत घालाय निघाले, तेच येडे.”

मल्हारला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. “मग उद्या चावडीवर सांगून टाकतो.”

“उद्या?” बिरदेव दचकले. “उद्या समदं गाव घागरी घिऊन वणवण फिरनार. बूट वाटनाऱ्यापायी टँकर कापला म्हनून सांगतोस? पाऊस चांगला झाला की सांग.”

आटपाडीकडे या मुदतीला बेमुदत म्हणतात.