पाच मातांचे उठणे आणि चौथ्या नावाची फत्ते

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लसीकरणाच्या खोलीत परिचारिकेने यादीतले एक नाव पुकारले, आणि पाच बायका पाच तान्ह्या मुली घेऊन एकदम उभ्या राहिल्या.

त्या दिवशी जे रण माजले त्याचे मूळ इतकेच. पुढील हकीकत ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली त्यांच्या तोंडून ऐकून, आणि जेथे दोन तोंडे दोन गोष्टी सांगतात तेथे दोन्ही ठेवून, लिहिली आहे. त्यांतल्या एका मुलीचे नाव मात्र या कागदात कोठेही सापडणार नाही. याविषयी त्या मुलीच्या मातोश्रींचा सक्त हुकूम आहे की, लिहिले तर कोणी वाचील, वाचले तर आवडेल, आणि आवडले की गणतीत एकाची भर पडेल. हुकमाची तामिली करून वृत्तांत लिहिला आहे.

या मातोश्रींची ख्याती अशी. चष्म्याच्या दुकानी भिंगे तपासण्याची मोठी कामगिरी त्यांजकडे असे, आणि केसाएवढा ओरखडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. परंतु घरीदारी त्यांस 'तिसरी' म्हणत. कारण त्यांच्या शाळेत एका वर्गात एकाच नावाच्या चार मुली जमा झाल्या, आणि बाईंनी उंचीप्रमाणे उभे करून पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असे फर्मान काढले, आणि ते दहा वर्षे चालले. पुढे पहिलीचे लग्न झाले, चौथी परदेशी गेली, पण तिसरी ती तिसरीच राहिली. पाठचा भाऊ आजही फोनवर तेच म्हणतो. तेव्हा तिसरीसाहेबांनी पोटात मूल असतानाच शपथ वाहिली की, आपल्या लेकीला हाक मारली असता जगात एकच मान वळली पाहिजे.

त्यांचे यजमान वेळापत्रकपंत. शहरातील बसगाड्या कोणत्या मिनिटाला कोठे असाव्यात हे ठरवणे त्यांचे काम, आणि गाडी वेळेवर न आल्यास चूक गाडीची, तक्त्याची नव्हे, ऐसी त्यांची निष्ठा. त्यांनी जन्मनोंदणी कचेरीची वार्षिक नामावळी मागवली, सात महिने तिचा फडशा पाडला, आणि एक्याण्णवाव्या क्रमांकावरचे एक नाव हेरले. वरच्या नव्वदांच्या दंगलीपासून दूर, एकांती, सुंदर. ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले. मग उभयतां येता-जाता त्याकडे पाहात आणि संतोष पावत. कोणास कळू नये म्हणून मोठ्याने कधी उच्चारले नाही. बोलणे पडलेच तर फ्रिजकडे बोट दाखवीत. मुलगी झाली, सहा आठवड्यांची झाली, आणि लसीच्या कार्डावर तेच नाव पेन्सिलीने घातले गेले. नोंदणीची मुदत त्याच दिवशी सायंकाळी पाचला संपत होती. त्यानंतर दप्तरात 'मुलगी, नाव नाही' अशी नोंद होऊन पुढे न्यायालयाच्या पायऱ्या.

असो. पाच बायका उभ्या राहिल्या. परिचारिका चष्म्यावरून पाहून म्हणाली, "एकेक करून या. मी एकीलाच बोलावलंय." तेव्हा पाचही जणींनी आपापली कार्डे पुढे केली, आणि पाहिले तो नाव एकच, परंतु एकीने शेवटी जास्तीचे अक्षर लावलेले, दुसरीने मधला स्वर दुप्पट केलेला, आणखी कोणी कोठे काना तर कोणी कोठे वेलांटी लांबवलेली. परिचारिकेस त्याचे काय. तिने पेन काढले आणि दरवाजापासून खुर्च्यांच्या क्रमाने कार्डांच्या पाठीवर आकडे घातले. छोट्या सरकारांच्या, म्हणजे तिसरीसाहेबांच्या लेकीच्या, कार्डावर तीन आला.

तो आकडा पाहून तिसरीसाहेबांचा चेहरा कैसा झाला याविषयी दोन वृत्तांत आहेत. परिचारिका म्हणते काही झाला नाही. वेळापत्रकपंत म्हणतात, असा चेहरा त्यांनी एकदाच, गर्दीच्या वेळी सर्व सिग्नल बंद पडले तेव्हा, आपल्या वरिष्ठांचा पाहिला होता. बाहेर येताच त्या इतकेच बोलल्या, "आत्ता कुठे सहा आठवड्यांची झाली, आणि नंबर मिळालासुद्धा."

साडेबाराला घरी मसलत बैसली. मसलतीस पंतांच्या मातोश्री घोषणाबाई हजर होत्या. या बाईंनी बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकावर एकतीस वर्षे नोकरी केली, हरवलेली मुले, विसरलेल्या पेट्या आणि उशिरा येणाऱ्या गाड्या यांची वर्दी दिली, आणि निवृत्त होताना कचेरीने जुना हातातला कर्णा भेट दिला तो कपाटावर ठेवला होता. त्यांच्यापासून मात्र नाव लपवले होते, कारण त्यांस सांगितलेली गोष्ट तीन गल्ल्यांत ऐकू जाते असा घरात समज, आणि त्या आल्या की कागद फ्रिजवरून काढून ठेवीत. आता पहिल्यांदाच त्यांस फ्रिजपुढे नेले. त्यांनी कागद वाचला, एकदा मोठ्याने म्हणून पाहिला, आणि खिडकी उघडीच असल्याने खालून कोणाची तरी मुलगी "आले" म्हणाली.

मग बाई लेकाला म्हणाल्या, "वर्षभर नुसतं बघत बसलात रे. नाव काय बघायला ठेवतात? हाक मारायला ठेवतात."

पंतांचा तक्त्यावर अद्याप विश्वास होता. ते एक वाजता जातीने नोंदणी कचेरीवर चालून गेले. तेथे नोंदणीनवीस डबा उघडून बसले होते. तरी पंतांचा चेहरा पाहून त्यांनी घास बाजूला ठेवला आणि यंत्र सुरू केले. पंतांनी अर्ज केला की, एक्याण्णवावे नाव इतके दाट कसे. नवीस म्हणाले, "आमचं यंत्र ऐकत नाही साहेब, फक्त बघतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की त्याच्या लेखी ते दुसरं नाव."

आणि मग त्यांनी एकामागून एक सहा ओळी काढून दिल्या. एक्याण्णवाव्या क्रमांकावर शहाण्णव मुली. एकशे चारवर चौऱ्याऐंशी. एकशे अठरावर सत्त्याहत्तर, आणि पुढे पासष्ट, बावन्न, अडतीस. पंतांनी तेथेच बेरीज केली ती चारशे बारा भरली. त्या वर्षी अव्वल क्रमांकाच्या गादीवर जे नाव विराजमान होते त्याच्या पदरी तीनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ज्यास एकांतवासी समजून सात महिन्यांच्या शोधाअंती पूजिले ते या मुलखातील सर्वांत मोठे लष्कर निघाले. सहा निशाणांखाली वाटून गेलेले, म्हणून कोणास दिसले नाही. पंत खुर्चीवर बसले. नवीसांनी त्यांस आपल्या डब्यातली काकडी दिली आणि ती त्यांनी खाल्ली, ही गोष्ट त्यांनी स्वतः कबूल केली आहे.

दोन वाजता दुसरी मसलत. आता तक्ता नको असे ठरले आणि सरदारी घोषणाबाईंकडे आली. त्यांनी हुकूम केला की, सर्वांनी मिळून पाच नावे काढावी. कोणते कोठे कितवे हे पाहू नये. शाळा सुटून बाग भरली की आपण वेशीवर उभे राहून एकेक नाव पुकारू, आणि ज्याला कोणतीच मान वळणार नाही ते आपले. तिसरीसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा सासूबाईंचे दोन्ही हात धरले. पाच नावे निघाली: दोन आईची, दोन बापाची, आणि एक घोषणाबाईंनी आपल्या एकतीस वर्षांच्या हरवलेल्या माणसांतून काढले, जे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा पुकारले आणि पुढे कधीच नाही.

पावणेचारला फौज बागेत दाखल झाली. घोषणाबाई कर्णा घेऊन फाटकावर. पंत वही घेऊन घसरगुंडीपाशी, कारण तेथून तिन्ही दिशा दिसत. तिसरीसाहेब छोट्या सरकारांची बाबागाडी घेऊन वाळूच्या हौदाकाठी, जेथे सर्वांत दाट वस्ती. बागेत त्या समयी पंतांच्या मोजणीप्रमाणे त्रेसष्ट मुले आणि एकोणचाळीस मोठी माणसे होती.

पहिले नाव सुटले. चार मुली वळल्या, एक मुलगा वळला, आणि घसरगुंडीच्या माथ्यावरची एक मुलगी इतकी जोरात वळली की पाठमोरी खाली आली आणि रागावण्याऐवजी पुन्हा तसेच करू म्हणाली. नाव बाद.

दुसरे सुटले. एकही मूल वळले नाही. पंत वहीत शून्य घालणार तोच दोन कुत्रे, एक करडा आणि एक हातभर लांबीचा, दोन निरनिराळ्या दिशांनी धावत आले आणि घोषणाबाईंपुढे बसून कर्ण्याकडे पाहू लागले. तिसरीसाहेबांनी दुरूनच हात हलवून नकार कळवला.

तिसऱ्याला झोपाळ्यावरची एकच मुलगी वळली, सात-आठ वर्षांची. येथे उभयतांत वाद पडला. पंतांचे म्हणणे, त्रेसष्टांत एक हे प्रमाण क्षुल्लक, ही मुलगी सात वर्षांनी मोठी, आणि दोघींच्या शाळेच्या वेळाही जुळणार नाहीत. तिसरीसाहेब म्हणाल्या, "एक ती आणि एक आपली. झाल्या की दोन." पंतांनी त्यावर विचार करून काट मारली. तेव्हा चार वाजून सात मिनिटे झाली होती, आणि कचेरी बागेपासून चालत अठरा मिनिटांवर.

मग घोषणाबाईंनी आपले नाव पुकारले. चौथे.

बाग आपली खेळत राहिली. मुलांपैकी कोणी नाही, आयांपैकी कोणी नाही, कुत्रे तर कंटाळून निघून गेलेले. पंतांनी वहीत शून्य घातले, त्याभोवती गोल काढला, आणि पुन्हा एकदा म्हणा म्हणून खूण केली. दुसऱ्यांदा पुकारताच लिंबाखालच्या बाकावर एक वृद्ध बाई विणकाम करीत होत्या, त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या, चपला घातल्या, आणि सावकाश पण थेट फाटकाकडे चालत आल्या.

जवळ येऊन त्या म्हणाल्या, "कोण बोलावतंय मला? या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलेलं नाही."

घोषणाबाईंनी कर्णा खाली केला आणि झाला प्रकार सांगितला, आणि कर्ण्यावाचून सांगितला म्हणून दोनच बाकांपर्यंत गेला. त्या आजी एक्याऐंशी वर्षांच्या. सर्व ऐकून त्यांनी बाबागाडीत वाकून पाहिले. पंतांनी पेचात पडून विचारले की नियमाप्रमाणे एक मान वळली, तेव्हा हे नावही बाद धरावे काय. आजी म्हणाल्या, "धरू नका. मी काही हिच्या वर्गात येणार नाही."

तिसरीसाहेब हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि मग घोषणाबाई हसल्या, आणि पंतही वही कपाळाला लावून हसले. छोट्या सरकारांनी त्या वेळी मान वळवली असे घोषणाबाई शपथेवर सांगतात. पंतांच्या वहीत तशी नोंद नाही, आणि सहा आठवड्यांचे मूल कोणत्याही आवाजाकडे वळते हेही येथे नमूद केले पाहिजे. पाचवे नाव पुकारलेच नाही.

आजींनी आपले नाव त्या कसे लिहीत ते पंतांच्या वहीत लिहून दिले. चार वाजून वीस मिनिटांनी फौजेने कूच केले. वाटेत बाबागाडीचे पुढचे चाक गटाराच्या जाळीत अडकून सहा मिनिटे गेली, आणि चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी ती कचेरीच्या पायऱ्यांशी पोहोचली. नोंदणीनवीस खिडकी लावण्याच्या बेतात होते. पंतांस ओळखून त्यांनी ती पुन्हा उघडली. नाव यंत्रात घातले, आणि यंत्राने पाहिले, आणि मागील बावीस वर्षांत तसे एकही नाव नाही असा जबाब दिला. तिसरीसाहेबांनी अर्ज केला की, अक्षरे इकडची तिकडे करून, दीर्घ ऱ्हस्व करून, शेवटी जोडून आणि मधून काढूनही पाहावे. नवीसांनी नऊ प्रकारे पाहिले. नऊही वेळा शून्य.

येणेप्रमाणे चार वाजून बावन्न मिनिटांनी शिक्का बसला आणि मोहीम फत्ते झाली. जखमी कोणी नाही. बाबागाडीचे एक चाक किंचित वाकडे. चारशे बारांच्या लष्करास न गाठता, तीनशे अठ्ठ्याऐंशींच्या गादीस वळसा घालून, सहा आठवड्यांच्या सरकारांनी आपल्या नावाची एकछत्री मिळवली, आणि लसीच्या कार्डाच्या पाठीवरचा तीन तिसरीसाहेबांनी नवीसांचे खोडरबर मागून घासला, तो पेनाचा असल्याने पुरता गेला नाही, तेव्हा त्यांनी कार्डच नवे करून घेण्याचे ठरवले.

यानंतरची खबर अशी. बाकावरच्या आजींना एका संध्याकाळी दोनदा हाक ऐकू आली, तीही कर्ण्यातून, या गोष्टीचा इतका आनंद झाला की त्यांनी ती बागेत ज्यास त्यास सांगितली, आणि सांगताना नाव सांगावेच लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूच्या हौदाकाठी एक पोटुशी बाई तिसरीसाहेबांजवळ येऊन बसली. नऊ महिने भरत आलेले, दोन्ही हात कमरेवर. ती म्हणाली, किती गोड नाव आहे हो, आणि विचारले की तुम्ही ते नेमके लिहिता कसे.

तिसरीसाहेबांनी बाबागाडी जवळ ओढली. मग बाबागाडीच्या टोपावर बोटाने, धुळीत, एकेक अक्षर काढून दाखवले आणि म्हणाल्या, "ठेवायचंच असेल तर अगदी असंच लिहा. मोजतील तेव्हा एकत्र तरी मोजतील."

त्या बाईने मान डोलावली, परंतु शेवटचे अक्षर आपण बहुधा दीर्घ करू, तसे छान दिसते, असेही म्हणाली. तिची तारीख एकोणीस. आज सतरा, सायंकाळचे सहा वाजले आहेत. कळा सुरू झाल्याचे वृत्त नाही, आणि मुलगा की मुलगी हेही कोणास ठाऊक नाही.