समुद्र वाकडा आहे

उकडलेलं अंडं ताटलीतून निसटलं, टेबलावरून सावकाश घरंगळत गेलं आणि खाली पडलं. मिस्त्रीणबाईंनी अंड्याकडे बघितलंच नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आजचा दिवस हातचा गेला हे ओळखलं.

भाड्याच्या कॅराव्हॅनमधून, म्हणजे चाकांवरच्या त्या एका खोलीतून, दोघं फिरायला निघाली होती. सहल आखून देताना लेकीने या समुद्रकाठच्या गावातला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. "आई, काही ठरवू नकोस. बाबांना घे आणि नुसती भटक." बाईंनी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. शिंपल्यांचा बाजार, उताराच्या गल्ल्या आणि शेवटी दीपगृहाच्या टोकावर दोघांनी उभं राहायचं. त्यासाठी नव्या चपला घेतल्या होत्या. लग्न झाल्यापासून हा माणूस त्यांच्याबरोबर नुसता म्हणून कधी चाललाच नव्हता. वाटेत कुणाची भिंत दिसली की एक डोळा मिटून उभा राहायचा.

"गाडी लेव्हलमध्ये नाही," मिस्त्री म्हणाले.

"अहो, अंडं आहे ते. गोल असतं. घरंगळणारच."

"अंड्याला दोष देऊ नकोस."

दात घासायचा ब्रश घरी विसरलेल्या मिस्त्रींनी बॅगेच्या तळातून टॉवेलात गुंडाळलेली पाणसळ काढली. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते गवंडीकाम शिकले, त्याने जाताना ती त्यांना दिली होती. जन्मभर तिच्या भरवशावर त्यांनी घरं बांधली. स्वतःचंसुद्धा. त्या घरात कपाटाचं दार आपोआप उघडायचं आणि दूध पातेल्याच्या एकाच कडेने उतू जायचं. त्यावर मिस्त्री म्हणायचे, "कपाट तूच स्वस्तातलं आणलंस. पातेल्याला पोचा तूच पाडलास."

"पाच मिनिटांत आलो," म्हणून ते जॅक घेऊन खाली उतरले.

खाली वाळू होती. चाकाखाली फळी घातली की चाक फळीसकट खचायचं. शेजारी होडी रंगवणारा होडीवाला स्वतःच्या फळ्या घेऊन धावला. "काका, इकडून द्या अजून एक." समोरच्या टपरीतला आइस्क्रीमवाला बर्फाच्या पेट्या घेऊन आला. दुपार कलली तेव्हा कुठे बुडबुडा मधोमध आला, आणि त्याच क्षणी आतल्या सगळ्या डब्यांनी मिळून समुद्राची बाजू धरली. बाई पलंगावरून खिडकीत गेल्या. तिथून कशाबशा दारापर्यंत चढल्या आणि दार उघडलं, तर पायरी हवेत.

"अहो! मी उतरू कशी?"

"कशाला उतरतेस? पहिल्यांदा सपाट जागेवर आहेस. बस जरा."

"काका, गाडी तिरकी दिसतेय हो," होडीवाला म्हणाला.

"डोळ्यांना दिसतं ते सोडा. बुडबुडा बघा."

"मग समोर समुद्र आहे ना? त्याच्याशी ताडून बघा. पाणी काय खोटं बोलणार?"

मिस्त्रींनी पाणसळ डोळ्यांसमोर धरली, बुडबुडा मधोमध आणला आणि पट्टीच्या वरच्या कडेवरून क्षितिज पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे निकाल दिला.

"समुद्र वाकडा आहे."

आइस्क्रीमवाल्याने पाणसळ घेऊन स्वतः खात्री केली. "अरेच्चा! दीपगृहाकडे चढलाय! तरीच भरतीला पाणी माझ्याच टपरीत शिरतं."

"आणि मी म्हणतो, जाताना होडी भुर्रकन जाते, येताना डिझेल का संपतं? चढ आहे, चढ!"

गर्दी जमली. माणसं एक डोळा मिटून रांगेने समुद्र बघू लागली. याची तक्रार कुठे करायची, असं एकाने विचारलं. नगरपालिकेत, दुसरा म्हणाला. त्यांनीच केलं असणार, यावर तिसऱ्याचं ठाम मत पडलं.

तेवढ्यात बाई होडीवाल्याची शिडी लावून खाली उतरल्या. नव्या चपला हातात होत्या.

"आणा ती इकडे. आता समुद्रही मीच वाकडा घेतला म्हणाल."

त्यांनी पाणसळ हिसकावली ती टोकं उलटी होऊनच हातात आली. तशीच डोळ्यांसमोर धरली. "हा बघा. आता बंदराकडे चढलाय."

"वारा फिरला असेल," आइस्क्रीमवाला म्हणाला.

मिस्त्री मात्र मटकन खाली बसले. पाणसळ टोकं उलटी करून तपासावी, दोन्हीकडून सारखंच दाखवलं तरच ती खरी, हे ते हाताखालच्या प्रत्येकाला बजावून सांगत. ही मात्र त्यांनी कधीच फिरवली नव्हती. गुरूची होती, तपासणं म्हणजे उद्धटपणा झाला असता.

समुद्र सरळच निघाल्यामुळे लोक जरा नाराज होऊन पांगले. फळ्या काढून गाडी खाली घेईपर्यंत दीपगृहाचं दार बंद झालं होतं. दोघं किनाऱ्याच्या कठड्यावर आइस्क्रीम घेऊन बसली.

"म्हणजे आपलं घर..." मिस्त्री म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी लाटणं घरंगळत अंगणात गेलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"किती खुशीत होता तुम्ही. सगळ्यांना भिंती दाखवत फिरत होता."

मिस्त्रींचं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं. "पण झोपेत रोज माझ्याकडे सरकायचीस. मला वाटायचं..."

"उतार होता तो," बाई म्हणाल्या.

सूर्य पाण्याला टेकला. समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पडला होता. थोड्या वेळाने बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि डोकं नवऱ्याच्या खांद्यावर टेकवलं.

मिस्त्रींनी खांदा न हलवता हळूच मागे हात नेला आणि पाणसळ कठड्यावर ठेवली. मान वळवून बुडबुडा पाहिला. मग ती फिरवून ठेवली आणि पुन्हा पाहिला. बुडबुडा दोन्ही वेळा तेवढाच सरकला, एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हणजे कठडा अगदी सपाट होता.

"काय चाललंय मागे?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "बस तू अशीच."