एकानं काटा, एकानं टक्का

खंडूभाऊ गाडेकर कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की आधी कॉम्प्युटरकडे बघायचे नाहीत. आधी माणसं मोजायचे. दारात चपला काढता काढता त्यांची नजर ऑफिसभर फिरायची आणि ओठ हलत राहायचे. मग म्हणायचे, "ताई, आज सात हायत. त्यातली दोन मला लागतील."

"तुम्हाला धरून आठ," मी म्हणायची.

"मी कशात?" ते म्हणायचे आणि पिशवी उघडायचे. "दोन द्या. एकानं काटा बघायचा, एकानं टक्का."

काटा म्हणजे स्टॅबिलायझरचा. टक्का म्हणजे हार्ड डिस्क फॉरमॅट होताना पडद्यावर चढत जाणारा आकडा. विजेचा काटा खाली घसरला की काटेवाल्यानं ओरडायचं, आकडा अडला की टक्केवाल्यानं. ही दोन माणसं मिळाल्याशिवाय खंडूभाऊ साधा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा बाहेर काढत नसत. तेव्हाच्या औरंगाबादेत कॉम्प्युटरची दुरुस्ती करणारे जे थोडे लोक होते ते सगळे एकटे यायचे, एकटे काम करायचे आणि जायचे. हे मी त्यांना ऐकवलं तर उत्तर ठरलेलं. "त्यांचं त्यांच्यापाशी. एकल्याचं काम नाय हे."

आमचा कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होता. वाळूजला स्कूटरचे कारखाने आले तसे त्यांना लागणारे रबरी बुश बनवणारे आमच्यासारखे छोटे कारखाने गल्लोगल्ली उगवले. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले होते. एका सोमवारी साहेबांनी कॉम्प्युटर आणला, नारळ फोडला, टाइपरायटर गोडाऊनमध्ये पाठवला आणि मी ऑपरेटर झाले. साहेबांचा उत्साह इतका की साधा रजेचा अर्जसुद्धा कॉम्प्युटरवरून छापून आला तरच ते सही करत. हातानं लिहिलेला कागद दिसला की म्हणत, "अहो, आपण कुठल्या काळात आहोत?" कॉम्प्युटरची खोली वेगळी, तिला पडदा, आणि आत जाताना चपला बाहेर. देवघरातसुद्धा आमच्याकडे एवढं सोवळं नव्हतं.

त्या दहा बाय दहाच्या खोलीत खंडूभाऊ अनवाणी येरझाऱ्या घालायचे. चार पावलं गेले की भिंत, वळले की पुन्हा चार पावलं. उंच, काटकुळे, पँट घोट्याच्या वर, शर्टाच्या खिशात धूळ झटकायला रंगाचा ब्रश. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा चालता चालता प्यायचे, भाकरी चालता चालता खायचे. माझा स्वभाव मुळातच उतावळा, त्यात हे डोळ्यांसमोर घड्याळाच्या लंबकासारखे. माझं डोकं गरगरायचं.

"खंडूभाऊ, टेका ना एकदाचं!"

"टेकतो की. आधी हिचं होऊ द्या."

आणि हिचं काही लवकर होत नसे. जुन्या हार्ड डिस्कला आधी मुळापासून आखून घ्यावं लागे, मग तिचे भाग पाडायचे, मग फॉरमॅट, मग एकामागून एक फ्लॉपी घालत सिस्टिम चढवायची. सकाळी दहाला सुरुवात केली तर संध्याकाळचा चहा व्हायचा. मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आकडा रेंगाळला की खंडूभाऊ तोंडानं मेंढरं हाकल्यासारखा आवाज काढायचे. ते खरोखरच मेंढरांतले होते. घर कन्नडच्या घाटाकडचं. आयटीआय करून शहरात राहिले, पण दोन माणसांचा नियम तिकडचाच. "मेंढरामागं दोघं लागत्यात, ताई. पुढचा वाट दावतो, मागचा मोजतो. मी मागचा व्हतो."

काटा आणि टक्का या कामाला त्यांना नेहमी दांडगे आणि साळवेच हवे असत. स्टॅबिलायझर टेबलाखाली आणि मॉनिटर टेबलावर, त्यामुळे दोघांना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागे. दांडगे स्टोअरला, साळवे डिस्पॅचला. आठ वर्षं दोघं दांडग्यांच्या स्कूटरवर एकत्र येत. एकमेकांना दांडग्या, साळव्या म्हणत, आणि दांडग्यांनी मालाचा आकडा सांगितला की साळवे हटकून तो पुन्हा मोजत. जागेवरून उठता येत नाही म्हणून त्यांचे डबे कॉम्प्युटरच्या खोलीत यायचे, मग माझाही डबा, मग गप्पा. खंडूभाऊ सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं उचलत आणि चालत राहत.

मग तो हिवाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न इतकी वर्षं धुमसत होता, तो आता निकालाला आला होता. रोज नवी अफवा. आज जमावबंदी, उद्या बंद, जालन्याकडून येणारी एसटी करमाडहूनच परत फिरली. ऑफिसात फोन वाजला की सगळ्यांचे हात थांबायचे. साळवे रजा टाकून मोर्चाला जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दांडगे बोलून गेले, "नावानं काय पोट भरतं का रे?"

साळवे शांतपणे म्हणाले, "मग तुझ्या घरावरची नावाची पाटी काढून ठेव ना. तुझंही पोट पाटीनं भरत नाय."

बस्स. एवढ्यावर आठ वर्षांचं बोलणं बंद झालं. दांडगे एकटे स्कूटरवर येऊ लागले आणि साळवे शहर बसनं. मला साळव्यांचं पटलं होतं. मी तिथंच उभी होते आणि कपातला चहा ढवळत गप्प राहिले. हे लिहिताना आजही मला स्वतःची लाज वाटते.

नेमकी त्याच आठवड्यात आमची हार्ड डिस्क बसली. साहेबांनी मुंबईहून नव्या प्रकारची डिस्क मागवली. भोगीच्या दिवशी सकाळी खंडूभाऊ आले, सात माणसं मोजली आणि डिस्क हातात घेतली. जुनी डिस्क विटेएवढी होती, ही तळहातात मावली. त्यांनी ती उलटीपालटी केली, लेबलावरचे आकडे वाचले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? खराब आहे?"

"नाय. चांगली हाय. हिला आखावं नाय लागत, कारखान्यातूनच आखून येती. उलट आपण आखाय गेलो तर वाया जाईल."

"मग किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," ते म्हणाले, एखादी वाईट बातमी सांगावी तसं.

मला आनंदच झाला. आठवडाभराचं काम तुंबलं होतं. तेवढ्यात साळवे पडद्यातून डोकावले. "ताई, चालू झाला की पहिला माझा अर्ज घ्या. मला वाळूजच्या युनिटला बदली पायजे. साहेब चारला निघणार हायत, त्याच्या आत सही झाली पायजे. उद्यापासून काय होईल सांगता येत नाय."

बाहेर रॅकपाशी दांडगे बुश मोजत होते. त्यांचं मोजणं थांबलं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

खंडूभाऊंनी साळव्यांकडे बघितलं, रॅककडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, दोन माणसं लागतील."

"अर्ध्या तासाला?"

"नवा माल हाय. नव्याला ज्यास्त बघावं लागतं. साळवेभाऊ, बसा. दांडगेभाऊ, या."

कामाचं म्हटल्यावर दोघांनाही नाही म्हणता येईना. दांडगे काट्यापाशी बसले, साळवे टक्क्यापाशी. गुडघे लागू नयेत म्हणून दोघं इतके आवळून बसले होते की बघवत नव्हतं. खंडूभाऊंनी डिस्क जोडली, तिचे आकडे मशीनला भरून दिले, काहीतरी टाइप केलं, दोनदा फ्लॉपी बदलली. मग मॉनिटरचं बटण फिरवून पडदा पार काळा केला.

"हे काय?" मी म्हणाले.

"नव्या डिस्कला उजेड सोसत नाय."

एवढी मोठी थाप मी आयुष्यात ऐकली नव्हती, पण तेव्हा मला ती खरी वाटली. नव्या वस्तूंबद्दल तेव्हा आम्ही काहीही मानायचो. साळव्यांनी विचारलं, "मग टक्का कसा बघायचा?" खंडूभाऊंनी कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारीक लाल दिवा दाखवला. तो पेटला की सांगायचं.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. दिवा काही पेटेना. मी दर पाच मिनिटांनी आत जाऊन विचारत होते, "किती झालं?" खंडूभाऊ येरझारा न थांबवता सांगत, "वीस. बावीस. चढंल हळूहळू." बाहेर रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली. कुणीतरी म्हणालं गुलमंडीवर दुकानं बंद होतायत, कुणीतरी म्हणालं काही नाही झालेलं. साहेब दोनदा पडद्यापर्यंत येऊन परत गेले. मी साळव्यांनी लिहून दिलेला अर्जाचा कागद हातात घेऊन नुसती आत-बाहेर करत होते. आता खोलीत एकाऐवजी दोन लंबक झाले होते.

शेवटी दांडगे टेबलाखाली बघत म्हणाले, "काटा काय हलंना."

मग साळवे म्हणाले, "दिवा पण पेटंना."

खंडूभाऊंची पावलं तेवढी वाजत होती.

"तुमच्या वस्तीकडं कसंय?" दांडग्यांनी विचारलं.

"पोलीस बसलेत कोपऱ्यावर."

"पोरं?"

"घरातच हायत."

दांडग्यांनी काट्यावरची धूळ बोटानं पुसली. धूळ नव्हतीच. "परवा पाटी काढून बघितली मी," ते म्हणाले. "घरावरची."

साळव्यांनी पहिल्यांदा दिव्यावरून नजर हलवली. "मग?"

"भिंत लई उघडी दिसाय लागली. आमच्या हिनं इचारलं, घर सोडून चाललाय का काय. परत लावली." मग खाली बघूनच म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो, साळव्या."

"व्हय. बोललास."

"उद्या शहर बस बंद हाय. मी येतो स्कूटर घिऊन. सातला."

"कुठं येतो?"

"नेहमीच्या जागी. कोपऱ्यावर."

"आठ वर्षं कोपऱ्यावर हॉर्न वाजवतोस तू," साळवे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एकदा तरी दारापोत्तर आलास? पोरं इचारत्यात, हॉर्नवाले काका दिसत्यात कसे. यायचं आसंल तर घरात ये. बसून चहा घे. नायतर नको येऊ."

हे मला आठ वर्षांत कधी सुचलं नव्हतं. दांडग्यांनाही नसावं, कारण त्यांचा चेहरा एकदम पडला.

"साखर कमी टाकाय सांग," ते म्हणाले. "डॉक्टरनं बंद केलीय."

मी पडद्याआड उभी होते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला, म्हणून उगाच काम काढलं. आत गेले आणि काय चाललंय ते एकदाचं बघावं म्हणून मॉनिटरचं बटण फिरवलं. पडदा उजळला; दांडगे-साळवे बोलण्यात गुंतले होते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. वरच्या कोपऱ्यात C:\> आणि त्याच्यापुढे रेघ लुकलुकत होती. म्हणजे सगळं झालेलं होतं. कधीचं झालेलं होतं. मशीन माझ्या अर्जाची वाट बघत होतं.

खंडूभाऊ जागच्या जागी थांबले. चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मी बटण परत फिरवलं आणि त्यांना बाहेर यायची खूण केली. दाराशी चपलांच्या ढिगापाशी ते खाली मान घालून उभे राहिले.

"कधी झालं?"

"सव्वाअकरालाच."

"आणि मी इथं जिवाचा आटापिटा करतेय!"

"ताई, झालं म्हनलं असतं तर अर्ज निघाला असता." त्यांनी पायानं एक चप्पल सरळ केली. "मेंढरापुढं माझा थोरला भाऊ चालायचा. एका कोकरावरनं आमची बोलाचाली झाली. मधी कुणी धरून बसवलंच नाय. तो कळप घिऊन सोयगावाकडं गेला, मी हिकडं तारा जोडाय लागलो. बारा वर्सं झाली."

"मग जाऊन या ना एकदा."

"एकल्यानं जाऊन काय बोलावं?" ते म्हणाले. पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या जुन्या डिस्ककडे त्यांनी बघितलं. "ही चांगली व्हती. दिवसभर माणसं बसून राह्यची. आता अर्ध्या तासात कुणाचं बोलणं सुरू व्हतंय? आन माझं काम झाल्यावर मला तरी कोण बस म्हनणार?"

इतकी वर्षं मी त्यांना टेका म्हणत होते, पण ते माझ्या डोक्याची गरगर थांबावी म्हणून. त्यांच्यासाठी कधी म्हटलं नव्हतं.

आतून साळव्यांचा आवाज आला. "ताई, किती टक्के झाले ओ?"

अर्जाचा कागद माझ्या हातातच होता. मी त्याची घडी करून पर्समध्ये टाकली. सकाळपासून सगळ्यांच्या मागे घाई लावणारी मी, अगदी शांतपणे म्हणाले, "पंचावन्न."

"मग लई वेळ हाय," दांडगे म्हणाले. "डबा काढ, साळव्या."

मी माझा डबा आणला. भोगीची भाजी होती, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या होत्या. साळव्यांनी ठेच्याचं झाकण काढलं. मी माझी ऑपरेटरची खुर्ची, जिच्यावर साहेबांनासुद्धा मी बसू देत नसे, ती टेबलापाशी ओढली आणि म्हणाले, "खंडूभाऊ, या. तुमची वाट बघतोय."

ते दारात थांबले. सवयीनं नजर खोलीभर फिरली आणि ओठ हलू लागले. साळवे, दांडगे, मी. मग नजर त्या रिकाम्या खुर्चीवर आली आणि तिथं बराच वेळ राहिली.

"चार हायत," खंडूभाऊ म्हणाले, आणि बसले.