दाजी सुटता कामा नयेत

तेजस्विनीचं लग्न ठरलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भिमाजी फोटोग्राफर शोधायला निघाला. कार्यालय ठरलं नव्हतं, आचारी ठरला नव्हता, तारखेवरून दोन्हीकडच्या गुरुजींचं अजून चाललंच होतं. बायको ललिता म्हणाली, "अहो, आधी मांडव बघा. मग मांडवातले फोटो." भिमाजी चपला घालता घालता म्हणाला, "मांडव कोणीपण घालतं. घर मोडतं ते फोटोनं."

यात त्याच्या मते काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. चार-पाच वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या, तृप्तीच्या लग्नात त्याने मेन रोडवरचा एक नावाजलेला फोटोग्राफर आणला होता. तेव्हा सगळा मामला रोलचा. स्टेजवर चढलेल्या प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी फोटो हवा असतो, आणि प्रत्येकासाठी रोल पुढे सरकवला तर तो जेवणाच्या पंगती बसायच्या आतच संपतो. म्हणून हुशार फोटोग्राफर नुसताच फ्लॅश उडवायचे. माणूस हसायचा, खाली उतरायचा, फोटो निघाला या समाधानात दोन घास जास्त जेवायचा. फोटो मात्र कुठेच नसायचा. तृप्तीच्या लग्नात हा रिकामा फ्लॅश नेमका दाजींच्या वाट्याला आला.

दाजी म्हणजे भिमाजीच्या थोरल्या बहिणीचे, लंकाबाईचे यजमान. नाव गोरक्ष, मनमाडला रेल्वेत गार्ड. अल्बम आला तेव्हा लंकाबाई नाशिकला आलेली होती. तिने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मिटला, आणि म्हणाली, "ह्यांचा फोटो कुठं दिसला नाही." मग अर्धा चहा तसाच ठेवून ती मनमाडच्या गाडीला बसली. त्यानंतर ना ती आखाजीला माहेरी आली, ना दिवाळीला. भाऊबीजेला भिमाजी स्वतः मनमाडला जायचा, तर दाजी घरात नसायचे. "ड्यूटीवर गेलेत," लंकाबाई सांगायची, आणि तिचा चेहरा असा असायचा की पुढचं न विचारताच कळावं.

भिमाजीचं पेठ रोडला द्राक्षांच्या पेट्यांचं दुकान होतं. पेटीत वर कोणता घड ठेवायचा आणि तळाला कोणता, हे ज्याला कळतं त्याला समारंभात माणसं कशी मांडायची तेही कळतं, असा त्याचा समज. आईवडील गेल्यावर माहेरची म्हणून एक ही बहीण उरली होती, आणि तीही एका फ्लॅशपायी तुटली. या लग्नात ती परत जोडायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मुलीचं लग्न काय, मुलाकडच्यांच्या मर्जीने लागतंच.

पहिल्यांदा तो कॉलेज रोडच्या एका नव्या स्टुडिओत गेला. तिथला तरुण फोटोग्राफर नवरीला कमळात बसवायचा, नवऱ्याला चंद्रावर, आणि दोघांना मिळून एका हृदयात. भिमाजीने तीन अल्बम चाळले आणि विचारलं, "यात नवरीचे काका, मामा, आत्याचे मालक, हे कुठं आहेत?"

"सर, आमचा फोकस कपलवर असतो."

"कपलवर कशाला? ते रुसत नाहीत. रुसून जातील कुठं?"

दुसऱ्या स्टुडिओचा मालक मोकळा माणूस होता. तो अभिमानाने म्हणाला, की आमच्याकडे एकही पाहुणा नाराज होत नाही, स्टेजवर येईल त्याच्यासाठी फ्लॅश पडतोच. भिमाजीने विचारलं, "रोलसकट का रोलशिवाय?" मालक हसला. भिमाजी उठला.

तिसरा हिरामण. नाशिकमधल्याच मालेगाव स्टँडजवळच्या बोळात त्याचा छोटा स्टुडिओ होता आणि लग्नं हा त्याचा जोडधंदा. खरी कमाई सत्कार, उद्घाटनं आणि सोसायट्यांच्या सभा यांची. भिंतीवर हारांमागे बुडालेली माणसं टांगली होती. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन संचालकांना, फोटोत मधोमध आपणच आहोत असं एकाच वेळी वाटायला लावणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. भिमाजीने युक्ती विचारली. हिरामण म्हणाला, "मधे फुलदाणी ठेवायची."

भिमाजी इथेच अर्धा विरघळला होता. पण चौकशी केल्याशिवाय तो पेटीला लागणारा पुठ्ठासुद्धा घेत नसे. हिरामणने सिडकोतल्या एका लग्नाचे फोटो काढले होते, त्या घरी तो पत्ता काढून गेला. दार कलाबाई नावाच्या वरमाईने उघडलं. भिमाजीने फोटो कसे आलेत हे विचारलंच नाही. लग्नानंतर कोणी रुसलं का, एवढंच विचारलं.

"फोटोवरून कोणी नाय," कलाबाई म्हणाली. "जेवणावरून सगळे."

त्याने अल्बमही पाहिला. अथपासून इतिपर्यंत फेटेच फेटे. एक फेटा सुटला असेल तर शपथ. त्याच दिवशी हिरामणची सुपारी फुटली. बोलणी संपल्यावर हिरामणने धंद्याचा प्रश्न विचारला, "कार्यक्रमाचा मुख्य माणूस कोण?"

"आमचे दाजी," भिमाजी म्हणाला. "बाकी कोण राहिला तर मी बघून घेईन. दाजी सुटता कामा नयेत."

हिरामणने दाजींचा एखादा जुना फोटो मागितला, ओळख राहावी म्हणून. भिमाजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. फोटो असता तर एवढी पायपीट कशाला केली असती?

पत्रिका द्यायला तो मनमाडला गेला. दाजी अर्थातच ड्यूटीवर. लंकाबाईने पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवली. भिमाजीने चाचरत विचारलं, "अक्का, अजून आहे का मनात?"

"असणारच ना. बोलत नाही म्हणून माणूस विसरतं थोडंच?"

"या खेपेला फोटोग्राफर मी स्वतः निवडलाय. पाहशीलच."

"बघू," लंकाबाई म्हणाली. पण चहा तिने रोजच्या स्टीलच्या पेल्यात न देता कपबशीत दिला, आणि भिमाजीने त्याचा अर्थ शुभ लावला.

लग्नाच्या दिवशी पंचवटीतल्या कार्यालयाच्या दारात रिक्षा थांबली आणि दाजी उतरले. उंचेपुरे, मिशीला नुकताच कलप लावलेला. मागून पिशव्या सावरत लंकाबाई. भिमाजीने हिरामणला खुणेने दाखवलं, "तेच." हिरामणने मान हलवली आणि कामाला लागला. सत्काराच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्याची पाठ सोडायची नसते, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा होता.

दाजींनी फेटा बांधून घेतला, फ्लॅश. दाजी नवरदेवाच्या काकांना भेटले, फ्लॅश. दाजींनी चप्पल कुठे काढावी याचा विचार केला, तोही रोलवर उमटला. सुरुवातीला ते बावचळले. दहा-बारा फ्लॅश झाल्यावर खुलले. मग माणूस जसा होतो तसे झाले, म्हणजे चालताना जरा थांबू लागले. पंगतीत जिलबीचा तुकडा त्यांनी तोंडाजवळ धरून ठेवला आणि हिरामणचं फोकसिंग होईपर्यंत खाल्ला नाही. "घ्या आता," हिरामण म्हणाला, तेव्हाच तो तोंडात गेला.

वरपक्षात कुजबुज सुरू झाली. ज्याच्यामागे फोटोग्राफर फिरतो तो माणूस साधा नसणार. कोणी म्हणालं, रेल्वेतले मोठे साहेब आहेत. लगेच दोघे-तिघे सुट्टीतल्या रिझर्वेशनचं विचारायला आले. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून आयुष्य काढलेले दाजी गंभीरपणे म्हणाले, "बघू काय होतंय." एकाने वाकून नमस्कार केला. तोही फोटो निघाला.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, हार पडले. ललिताने भिमाजीच्या दंडाला धरून हळूच सांगितलं, "अहो, तो हिरामण तिकडं तोंड करून उभा आहे. पोरगी इकडं हार घालतेय." हिरामण अक्षता टाकणाऱ्या दाजींवर नेम धरून उभा होता. भिमाजी म्हणाला, "असू दे. वरपक्षानं व्हिडिओवाला आणलाय. हार त्यांच्या कॅसेटमध्ये येईल. आपलं काम वेगळं आहे."

निघताना दाजींनी भिमाजीला मिठी मारली. लंकाबाई रिक्षात आधीच जाऊन बसली होती. पदर चेहऱ्यावर ओढलेला. उन्हामुळे असेल, असं भिमाजीला वाटलं.

अल्बम आला तो हातात घेतानाच त्याला जड वाटला. घरी ललिताने चार पानं उलटली आणि कपाळाला हात लावला. तेजस्विनी होती, पण जिथे होती तिथे दाजींच्या खांद्यामागे. हार घालण्याच्या फोटोत पुढे दाजींची अक्षता भरलेली मूठ आणि मागे धुक्यात कुणीतरी कुणाला तरी हार घालत होतं. "वरपक्ष विचारेल, लग्न कुणाचं होतं म्हणून," ललिता म्हणाली. भिमाजीला त्याची फिकीर नव्हती. त्याने अल्बम कापडात गुंडाळला आणि मनमाडची गाडी पकडली.

या वेळी त्याने येणार असल्याचं कळवलंच नव्हतं. दाजी घरातच सापडले, बनियनवर. त्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि पानामागून पान उलटताना त्यांचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळत गेला. "भिमा, हा तर माझा सत्कारच केला तू," ते म्हणाले. "मी रिटायर होईन तेव्हासुद्धा एवढे फोटो निघायचे नाय."

भिमाजीला भरून आलं. हात जोडून म्हणाला, "दाजी, मागच्या वेळी चूक झाली. तुमचा फोटो राहिला. तुम्ही रुसलात ते बरोबरच होतं. आता मनातून काढून टाका."

दाजींनी मान वर केली. "कोण रुसलं?"

"तुम्ही."

"मी? कशापायी? मला तर वाटलं तूच फुगलाय. इथं यायचा, चहा पिताना तोंड पाडून बसायचा, असं ही सांगायची. म्हणलं, साला-मेव्हण्याचं भांडण नको. तू येणार असला की मी ड्यूटी बदलून घ्यायचो. आणि फोटो राहिला हे मला आज तू सांगतोय."

दोघांनीही एकदमच लंकाबाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली, दाजींच्या मांडीवरचा अल्बम उचलून खाली बसली आणि पहिल्यापासून पानं उलटू लागली. प्रत्येक पानावर ती बोट ठेवत होती, पण दाजींवर नाही.

"हे कोपर माझं," ती म्हणाली. पान उलटलं. "हा पदर माझा." जिलबीच्या फोटोत कडेला पाण्याचा तांब्या धरलेला एक हात होता. "हा तांब्या धरलाय तीपण मीच."

भिमाजीने वाकून पाहिलं. अख्ख्या अल्बमात त्याची बहीण तुकड्यातुकड्याने विखुरलेली होती आणि ते सगळे तुकडे जोडले तरी त्यात चेहरा येत नव्हता.

"तृप्तीच्या लग्नात फ्लॅश पडला तेव्हा ह्यांच्या शेजारी मी उभी होते," लंकाबाई म्हणाली. "त्याआधी माझा फोटो कोणी काढलाय? माझ्या लग्नात आपल्या घरी फोटोवाला बोलवायची सोय नव्हती. एक मतदानाच्या कार्डावर आहे. तो माझा आहे असं सरकार म्हणतं."

"अक्का, मग माझा फोटो नाही असं सरळ सांगायचं ना."

"बाई रुसली की विचारतात, डोकं दुखतंय का. पुरुष रुसला की नारळ घेऊन दारात येतात. मी म्हणलं, रुसायचंच आहे तर ह्यांच्या नावावर रुसावं."

"माझ्या नावावर?" दाजी म्हणाले. "मला न विचारता?"

भिमाजी जमिनीकडे पाहत होता. माणसांचा हिशेब आपल्याला बरा जमतो, या समजावर त्याने निम्मं आयुष्य काढलं होतं. देणं एकाचं आणि तो फेडत राहिला दुसऱ्याचं, तेही एवढ्या थाटात. सिडकोच्या त्या अल्बमातही त्याने फेटे तेवढे पाहिले होते. त्या घरात किती बाया रुसल्या असतील, हे कलाबाईलाही कोणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.

तो उठला. "चल."

"कुठं?"

"स्टेशन रोडला स्टुडिओ असेल ना एखादा. तू आणि मी. चल."

"आत्ता? या साडीवर?" लंकाबाई म्हणाली, पण म्हणता म्हणता ती आत गेलीही होती. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग पितळी डबीचं झाकण, मग बराच वेळ काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा जांभळी साडी नेसली होती आणि केसात अबोलीचा गजरा होता, बहुधा मागच्या दाराने शेजारणीकडून आणलेला. भिमाजीला ती एकदम आईसारखी दिसली, पण तसं बोलायला त्याची जीभ रेटेना. दारात पाहतो तर दाजी तयार. कोट चढवलेला, मिशीवर कंगवा फिरवलेला, आणि चेहरा अशा कोनात धरलेला की कॅमेरा कुठूनही यावा.

"तुम्ही कुठं निघालात?" लंकाबाईने विचारलं.

"फोटोला."

"तुमचे झाले. गॅसवर भाजी आहे, तेवढी बघा."

बहीण-भाऊ बोळाच्या टोकापर्यंत गेले. लंकाबाई गजरा चाचपत काहीतरी सांगत होती आणि भिमाजी मान हलवत होता. दाजी कोट घालून दारात तसेच उभे राहिले. शेजारच्या लहानूने जाता जाता विचारलं, "काय गार्डसाहेब, कुठं लग्नाला का?" दाजी आत गेले, भाजीखालचा गॅस तेवढा बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवे झाले.

आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःच्या नावावर रुसले होते.