शेवंतीला पाणी

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नळदुर्गजवळच्या एका गावातले सगळे आड आटले, तरी गावात ओलावा टिकून होता. तो 'थांब, शेवंती!' या कादंबरीमुळे. सोसायटीच्या वाचनालयात तिची एकुलती एक प्रत होती. जो नेई तो रडूनच परत करी. पानं फुगून पुस्तक पावशेरानं जड झालं होतं.

सोसायटीचे सचिव रामलिंग हेच वाचनालयाचेही सचिव. त्यांनी कादंबरी पुन्हा वाचायला घेतली होती. शेवटी तापानं फणफणलेली शेवंती 'पाणी, पाणी' करते आणि नायक पुण्याहून पोचेपर्यंत तिचा जीव जातो. इथं रामलिंगांना हुंदका आवरत नसे. मग ते उठून तांब्याभर पाण्यानं तोंड धुवून येत. हे पाणी त्यांची बायको शांताक्का नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून, वाटीवाटीनं घागर भरून, डोक्यावर आणत असे.

"रडून झालं का?" ती विचारी. "एवढं डोळ्यातनं गळतंय, त्यानंच तोंड धुवा की."

"तुला न्हाय कळायचं. लई करुण हाय."

अशात हमरस्त्याच्या कडेला टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि याच कादंबरीवरचा सिनेमा लागला. सिनेमात नायक वेळेवर पोचतो, शेवंती पाणी पिते आणि ग्लास खाली ठेवायच्या आत गाणं म्हणू लागते. गाव दुभंगलं.

"शेवंती मेलीच पायजे," बब्रुवान मास्तर म्हणाले. "ती जगली तर साहित्य मेलं."

"तिकीट काढून मरण बघायचं व्हय?" गिरणीवाला धोंडीबा म्हणाला. "फुकटात बघतोयच की रोज!"

हॉटेलात कादंबरीवाल्यांचं बाकडं वेगळं आणि सिनेमावाल्यांचं वेगळं झालं. एक ठरलेलं लग्न मोडलं. नवरीचा बाप शेवंतीला जगवायच्या बाजूचा निघाला होता.

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब. त्यांच्यावर वाचनाचा आरोप आजवर कुणी केला नव्हता. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. "मतभेद चालतील, पण मतं फुटायला नगं," असं म्हणून त्यांनी तोडगा काढला. सगळ्या वाचकांनी सिनेमा एकत्र पाहायचा, तिथंच परिसंवाद घ्यायचा आणि एकमतानं ठराव करायचा. तालुक्याचे साहेब अध्यक्ष म्हणून यायला तयार झाले. अडचण एकच होती. तंबूत घोट्याएवढा फुफाटा होता.

गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळावा, हा अर्ज होळीपासून कचेरीत विचाराधीन होता. नानासाहेबांच्या सांगण्यावरून रामलिंगांनी दुसरा अर्ज लिहिला: 'सांस्कृतिक कार्यक्रमस्थळी धूळप्रतिबंधक उपाययोजनेकरिता पाणी मिळणेबाबत.' सकाळी अर्ज गेला आणि दुपारी टँकर आला.

टँकर पाहून रामलिंग नानासाहेबांजवळ गेले. "नानासाहेब, थोडं आडात वतू का? बायका लई लांबनं आणत्यात."

"अर्जात काय लिवलंय तुमी?"

"धूळ."

"मग धुळीवरच पडलं पायजे. सरकारी पाणी हाय, रामलिंगअप्पा. हेतू बदलला की त्याला अपहार म्हणत्यात."

रामलिंगांनी टँकरवाल्याला तंबूची वाट दाखवली. सगळं पाणी नियमानुसार धुळीवर पडलं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. तो संपत आला, तेव्हा शांताक्का झिऱ्यावरून परतत होती. घागर जेमतेम अर्धी भरली होती. हमरस्त्याला येताच तिला तंबूतून आवाज ऐकू आला. कुणी पोर कळवळून पाणी मागत होती आणि गावभरची माणसं नुसती रडत होती. शांताक्काला राहवलं नाही. कनात वर करून ती तडक आत शिरली.

"कोण पोरगी हाय? म्या आणलंय पाणी!"

तिची आणि घागरीची सावली नेमकी शेवंतीच्या तोंडावर पडली.

"खाली बसा!"

"बाई, बाजूला व्हा! दिसंना!"

सगळ्यात चढा आवाज रामलिंगांचा होता. डोळे भरून आल्यामुळं त्यांना समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, तेव्हा शांताक्का त्यांच्याकडंच बघत उभी होती.

"व्हय का," ती म्हणाली. "मला वाटलं खरंच कुणाचा जीव चाललाय. चालू द्या तुमचं."

ती निघून गेली. रामलिंग तिच्यामागं जायला अर्धे उठले. पण पडद्यावर नायक नुकताच टांग्यातून उतरला होता आणि मागचे लोक आता रामलिंगांनाच ओरडू लागले. ते खाली बसले. त्या रात्री पहिल्यांदाच शेवंतीसाठी त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

परिसंवाद झाला. 'कादंबरीतील मरण व चित्रपटातील जीवन ही दोन्ही समान हृदयद्रावक आहेत,' असा ठराव झाला. मग बब्रुवान मास्तरांनी हरकत घेतली, की घागरवाल्या बाईचा प्रसंग कादंबरीत नाही. सिनेमातही नाही, असं धोंडीबा म्हणाला. दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. साहेबांनी कौतुकानं मान डोलावली आणि 'सदर प्रसंग अवास्तव व रसभंग करणारा' अशी नोंद घ्यायला सांगितली. ती रामलिंगांनीच घेतली, गोलगोल अक्षरात.

पुढच्या आठवड्यात पिण्याच्या पाण्याच्या अर्जाला कचेरीचं उत्तर आलं: 'आपल्या गावास चालू उन्हाळ्यात टँकर पुरविण्यात आला असून त्यातील पाणी पूर्णपणे वापरले गेले आहे. सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे.'

रामलिंगांनी ते शांताक्काला वाचून दाखवलं. तिनं दुसरी घागर उचलून त्यांच्या हातात दिली. सचिव भर उन्हात तिच्यामागं नदीकडं चालू लागले. वाटेत हॉटेलातल्या दोन्ही बाकड्यांवरची माणसं उठून त्यांना आडवी आली.

"सचिवसाहेब, ठराव झाला तो झाला. पण तुमचं खाजगी मत काय? शेवंती मरायला पायजे का जगायला?"

एवढं वाचून आपणही मनातल्या मनात एक बाजू घेतली असेलच. ती वाचनालयाकडं अवश्य कळवावी. वाचकांचे अभिप्राय अजून स्वीकारले जात आहेत. पाण्याविषयी अभिप्राय मागवलेले नाहीत.