पाक दार्सोनोंनी जुने पत्ते बंद केले

"उद्या, गुरुवारी, सकाळी दहाला जुने पत्ते बंद म्हणजे बंद," असं कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या पाक दार्सोनोंनी मालकांना सांगून टाकलं.

पाक म्हणजे तिकडचं 'साहेब'. पत्ते म्हणजे कॉम्प्युटरचे. जावा बेटावरच्या जेपारा गावातल्या या कंपनीत सागवानी खुर्च्या हातानं कोरल्या जात, पण त्यांची कागदपत्रं नेटवर्कवरूनच जात, आणि नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर संपत आले होते. नवा पत्ता आठ तुकड्यांचा, आकडे आणि अक्षरं मिसळलेला, मालगाडीसारखा लांबलचक. तो शिकायला दार्सोनो तीन दिवस सेमारांग शहरात जाऊन आले होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! वर्गातली पोरं अडखळत होती आणि हे मधली शून्यं गाळून झटपट पत्ता लिहीत. शिकवणाऱ्यानं त्यांना दोनदा फळ्यापाशी बोलावलं. हे त्यांनी कंपनीत प्रत्येकाला सांगितलं. वॉचमनला दोनदा.

त्यानंतर दोन आठवडे त्यांनी जुने आणि नवे पत्ते शेजारी शेजारी चालवले, आणि मग फिरून विचारलं, कसं चाललंय? खरेदीवाले म्हणाले छान, डिझाइनवाले म्हणाले फारच छान. छान असणारच! सगळा भार जुना पत्ताच ओढत होता. नव्यात एक गोष्ट राहून गेली होती. नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर कुठे आहे, हे यंत्रांना सांगायचंच राहिलं होतं. म्हणजे माणूस नव्या गावात आला, त्याला घर मिळालं, पण चौकशी कुणाकडे करायची ते ठाऊक नाही. दार्सोनोंच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेवढं वर्गातच हातानं भरलेलं होतं. त्यामुळे त्यांचं यंत्र सुसाट.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला त्यांनी जुने पत्ते बंद केले.

त्याच दिवशी दोनशे खुर्च्यांचा कंटेनर बंदरावर उभा होता. त्याचे कागद तीनच्या आत जहाज कंपनीला पोचले नाहीत, तर जहाज खुर्च्यांशिवाय निघणार होतं, आणि गिऱ्हाइकानं आधीच बजावलं होतं की आता उशीर झाला तर ऑर्डर रद्द.

अकरा वाजले, बारा वाजले. तक्रार एक नाही. दार्सोनोंची छाती पोळीसारखी फुगत चालली.

बाकी कंपनीत मात्र पडद्यावर एकही पान उघडत नव्हतं. पण जावातल्या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द सहजी निघत नाही, फार झालं तर 'अजून नाही' म्हणतात. त्यातून दार्सोनोंची बायको, बू (म्हणजे बाई) एन्दांग, वारून तीनच महिने झालेले. तेव्हापासून सगळे त्यांना अंड्यासारखं जपत. खरेदीवाल्यांनी गुपचूप कागद-पेन्सिल काढली. मालक तासभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी दार्सोनोंना जेवलात का म्हणून विचारलं. डिझाइनवाल्यांनी तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, आणून दिलं. दार्सोनोंना वाटलं, अभिनंदनाचं आहे. त्यांनी सगळं खाल्लं.

दोन वाजून दहा मिनिटांनी बू रत्ना आल्या. निर्यातीचे कागद बघायला गेल्याच आठवड्यात लागलेल्या, सुराबाया शहरच्या. सुराबायाची माणसं तोंडावर बोलतात.

"पाक, तुमचं नेटवर्क बंद पडलंय."

दार्सोनो समजूतदार हसले. "एकाचीही तक्रार आलेली नाही."

"तक्रार मेलनंच पाठवायची ना? मेल बंद आहे."

दार्सोनोंनी आपला लॅपटॉप फिरवून दाखवला, बघा, सुसाट.

"मग खुर्च्या त्याच्यावरच चढवा आणि पाठवा," बू रत्ना म्हणाल्या.

दार्सोनो उठून खरेदीवाल्यांकडे गेले. तिथल्या प्रमुखानं चटकन पेन्सिल मांडीखाली घातली आणि थोडंसं हळू चाललंय म्हणून कबूल केलं. किती हळू? तर दहा वाजल्यापासून काहीच आलेलं नाही, इतकं हळू.

दार्सोनोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नव्यातली चूक शोधू म्हणाले, पण बू रत्ना दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. आधी जुनं चालू करा, शोधाशोध नंतर. दार्सोनोंनी जुनं चालू केलं. तीनला आठ मिनिटं असताना कागद गेले, आणि चार मिनिटांनी पोचल्याचं उत्तर आलं. मग त्यांनी चूक शोधली. एक ओळ! एका ओळीपायी साडेचार तास कंपनी मुकी बसली होती.

"मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"पाक दार्सोनोंना त्रास होईल असं काही बोलायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बू एन्दांग गेल्या ना, म्हणून. मला वाटलं, नेटवर्क त्यात धरायचं नसेल," बू रत्ना म्हणाल्या.

दार्सोनोंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "बरं केलंत. आणखी काही असेल तर तेही सांगून टाका."

"रागावणार नाही?"

"नाही."

"शर्ट उलटा घातलाय तुम्ही. सकाळपासून."

दार्सोनोंनी खाली बघितलं. शिवणी बाहेर, खिसा आत. याच शर्टात ते मालकांसमोर उभे राहिले होते, जुने पत्ते बंद म्हणजे बंद म्हणाले होते. त्यांनी हळूच कॉलर चाचपली.

"सकाळपासून नाही," ते म्हणाले. "कालपासून."